केसरबाईंचा खालचा सूर

गायन पार्टीच्या बॅनरवर केसरबाईंचं नाव कधी आलं नाही. वर मोठ्या अक्षरांत गायक रवी, त्याखाली ढोलकीवर कोंडिराम, मग बेंजोवाला, आणि सगळ्यात खाली ‘आणि सहकारी’. बावीस वर्षं केसरबाई त्या दोन शब्दांत बसून होत्या. त्याचं त्यांना वाईट वाटलं नाही. कापडावर जागा ती किती, त्यात नावं किती बसवायची, असं त्या म्हणायच्या.

परभणीकडच्या एका खेड्यातून लग्न होऊन त्या भाईंदरला आल्या. नवरा कोंडिराम दिवसा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशच्या मशीनवर आणि संध्याकाळी ढोलकीवर. एका वर्षी कोरसमधली बाई बाळंतपणाला माहेरी गेली आणि एप्रिलमधल्या जयंतीच्या तारखा तर आधीच घेऊन ठेवलेल्या. “दोन महिनं मागं बस, नुसतं तोंड हलीव,” असं म्हणून कोंडिरामनं बायकोला स्टेजवर नेलं. ती बाई परत आली नाही आणि केसरबाई उठल्या नाहीत.

कोरसचं काम लोकांना सोपं वाटतं. पुढच्यानं ओळ म्हणायची, मागच्यांनी तीच पुन्हा म्हणायची, त्यात काय एवढं? पण गायकानं ओळ जिथं सोडली तिथंच ती झेलावी लागते. तो घोटभर पाणी पिऊन, माईकची वायर पायातून सोडवून परत येईपर्यंत ती जिवंत ठेवावी लागते. आणि तो आला की तिथल्या तिथं आपण नाहीसं व्हायचं. केसरबाईंना हे जमलं, कारण त्यांना ऐकायला जमायचं.

मग कोरोना आला आणि पार्टी बसली ती बसलीच. रवी गावाला निघून गेला. पाठोपाठ केसरबाईंच्या गळ्याचं ऑपरेशन झालं, थायरॉइडचं. आवाज उतरला. जाड, घोगरा, फोनवर समोरच्यानं ‘काका’ म्हणावं असा. ढोलकी कपाटावर चढली आणि केसरबाई हाटकेशच्या खोलीतून चालत पूनम सागर सोसायटीत घरकामाला जाऊ लागल्या. साठीच्या उंबरठ्यावर, गुडघे कुरकुरत असताना.

तिथंच एके दिवशी चौथ्या मजल्यावरच्या हेमालीनं त्यांना जिन्यात थांबवलं.

“मावशी, तुम्ही सकाळी दहा ते एक मोकळ्या आहात ना? लादी नाही, भांडी नाही. फक्त बसायचं.”

“कुनापाशी? म्हातारं मानूस हाय का घरात?”

“खाकराजवळ,” हेमाली म्हणाली.

खाकरा म्हणजे कुत्रा. पार्किंगमधून उचलून आणलेला, तपकिरी, अंगावर भाजलेल्या खाकऱ्यावर असतात तसे काळे ठिपके. म्हणून हेमालीच्या सासूबाईंनी, कमळाबांनी, त्याला हे नाव दिलं होतं. दोन वर्षं तो कमळाबांच्या पायाशी वाढला. सहा महिन्यांपूर्वी कमळाबा धाकट्या मुलाकडे सुरतेला गेल्या. हेमाली बँकेत, नवरा जयकुमार दुकानावर, त्यांची दहा वर्षांची मुलगी पूर्वी शाळेत. खाकरा आयुष्यात पहिल्यांदा घरात एकटा राहिला आणि रडायला लागला. रडायचं म्हणजे भुंकणं नाही. मान वर करून लांब, वर वर चढत जाणारा हेल काढायचा, तासन्‌तास.

बरोबर खालच्या फ्लॅटमध्ये आशाताई राहायच्या. नर्स. रात्रपाळी करून सकाळी नऊला घरी येऊन झोपायच्या. चार महिने त्यांनी सोसलं, मग सोसायटीत अर्ज दिला. सेक्रेटरी गुणवंतभाईंचं पत्र आलं. पंधरा दिवसांत आवाज थांबला असं आशाताईंनी लिहून दिलं तर ठीक, नाहीतर घरवाल्यांनी काय ती व्यवस्था करावी.

कायद्यानं सोसायटी कुत्रा काढायला लावू शकत नाही, हे हेमालीनं कुठंतरी वाचलं होतं. जयकुमार म्हणाला, “कायदा घेऊन काय करू? रोज लिफ्टमध्ये त्या लोकांसोबत उभं राहायचंय मला.” वापीला त्याच्या भावाचं गोदाम होतं. तिथं राखणीला कुत्रा हवाच होता. पत्र्याची शेड, साखळी, दोन वेळचं खाणं. पंधरा दिवसांनी रविवारी टेम्पो जाणार होता, त्यातून खाकराला पाठवायचं ठरलं. पूर्वीनं तेव्हापासून जेवणाच्या ताटावर आईशी बोलणं सोडलं होतं. ते मात्र हेमालीनं केसरबाईंना सांगितलं नाही. केसरबाईंनी ते मुलीच्या तोंडावर वाचलं.

पहिल्या दिवशी हेमालीनं घाईघाईत सगळं दाखवलं. पाणी इथं, बिस्किटं इथं. मग टीव्हीशेजारच्या गोल स्पीकरवर बोट ठेवलं. “आणि हे कुत्र्यांचं म्युझिक आहे, मावशी. खास त्यांच्यासाठी बनवतात. शांत होतात म्हणे. आम्ही निघताना रोज लावतो.”

पियानोचे थेंब पडू लागले, मागे झऱ्याचं पाणी. हेमालीनं चप्पल घातलीसुद्धा नव्हती. खाकरा गादीवरून उठला, स्पीकरकडे बघितलं आणि मान वर केली.

“बघितलंत? म्युझिक असून ही तऱ्हा. नसतं तर काय केलं असतं?” हेमालीनं आवाज आणखी वाढवला आणि ती पळाली.

केसरबाई थोडा वेळ ऐकत बसल्या. त्यांचं मत असं झालं की हे गाणं फार पडेल आहे. आता पार्टीचा एक नियम होता. पब्लिक उठायला लागलं, पोरं मागं गडबड करायला लागली, की सूर चढवायचा आणि ठेका दुप्पट करायचा. बावीस वर्षांत तो कधी फसला नव्हता. केसरबाईंनी स्पीकर बंद केला, पदर खोचला, मनात रवीची ओळ आणली आणि टाळ्या वाजवत तिच्यामागचं एक दणक्याचं कोरस धरलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. वरचा सूर लागेना, तसं त्यांनी टेबलावर थाप मारून ती कसर भरून काढली.

खाकरा कमोडच्या मागे जाऊन बसला. तिथून त्यानं जो हेल काढला तो बाथरूमच्या फरशांमध्ये घुमून तिप्पट झाला.

पाच मिनिटांत बेल वाजली. दारात आशाताई, डोळे लाल, केस सुटलेले.

“आधी एकटा कुत्रा होता. आता तुम्ही पण?”

“ताई, मी त्याला जरा रमवत हुते.”

“रमवा. पण मी बारा तास उभी होते काल. आयसीयूत सहा पेशंट. मला फक्त झोपायचंय हो, बाकी काही नको.”

त्या ओरडल्या असत्या तर केसरबाईंना बरं वाटलं असतं. त्या ओरडल्या नाहीत. जिना उतरताना त्यांनी कठडा धरला होता.

संध्याकाळी हाटकेशच्या खोलीत केसरबाईंनी भाकरी थापता थापता सगळं सांगितलं. कोंडिराम हसता हसता खोकायला लागला.

“म्हंजी आता कुत्र्यांच्या कार्यक्रमाला पार्टी न्यायची? बॅनर करू का?”

“हसा तुमी. त्या लेकराला साखळीला बांधनारेत.”

“बरं, ऱ्हायलं. पर तू ठेका कामून दुप्पट केलास? ते उठून चाललं व्हतं का?”

“मग? पब्लिक गडबड करत व्हतं.”

“पब्लिक?” कोंडिराम म्हणाला. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, हातातच ठेवला. “अगं, ते पब्लिक न्हाई. पब्लिक खाली बसलेलं आसतंय. वर त्वांड करून गातंय कोन? त्यो गायक हाय. रवी कसा करायचा? नालासोपाऱ्याला आठवतंय का? लाईट गेली, घाबरला आन्‌ सूर सोडून वरच चाल्ला. मी ढोलकी बंद केली. तुमी बायांनीच आणला की त्याला खाली.”

केसरबाईंच्या हातातली भाकरी तव्यावर पडायच्या आधी जरा थांबली. त्यांना आठवत होतं. रवी वर गेला तेव्हा त्याच्या वर जायचं नव्हतं आणि त्याला सोडून खालीही बसायचं नव्हतं. तो होता तिथं आधी जायचं, त्याची ओळ झेलायची, आणि मग त्याच्या लक्षात येणार नाही इतकं थोडं थोडं उतरायचं. तो आपोआप मागोमाग येतो. एकट्यानं वर राहायला कुणाला आवडतंय?

दुसऱ्या दिवशी त्या नऊलाच हजर झाल्या. हेमाली पूर्वीची वेणी घालत होती.

“ताई, एक करा. ते मशीन लावा आन्‌ जाऊ नका. तिघं बसा हितंच सोफ्यावर.”

“मावशी, मला उशीर होतोय.”

“पाचच मिनिटं.”

पियानो सुरू झाला. आई, बाप, मुलगी, तिघं ओळीनं सोफ्यावर. कोणी चप्पल घातली नव्हती, कोणी दाराकडे गेलं नव्हतं. खाकरानं तिघांच्या तोंडाकडे एकेकदा बघितलं आणि मान वर करून रडायला लागला. पूर्वी उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली तरी तो थांबेना.

जयकुमार म्हणाला, “आता काय झालं याला? सगळे घरात तर आहेत.”

“ते वाजलं की तुमी जाता,” केसरबाई म्हणाल्या. “रोज. त्याला गानं न्हाई ऐकू येत, कुलूप ऐकू येतंय.”

हेमालीचा हात तोंडावर गेला. सहा महिने ती हे रोज न चुकता, प्रेमानं लावत होती. एखाद्या दिवशी घाईत विसरली तर लिफ्टमधून परत येऊन लावायची.

“मी डोळ्यांत तेल घालून करत होते, मावशी.”

“आईच करते आसं,” केसरबाई म्हणाल्या. “त्यात काय नवं.”

त्या दिवशी स्पीकर बंद ठेवून सगळे गेले. खाकरा तरी रडलाच, दार लागल्यावर. केसरबाई भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसल्या. टाळी नाही, शब्द नाही. त्याचा हेल जिथं सुटला तिथून त्यांनी तो आपल्या घोगऱ्या आवाजात उचलला, जवळजवळ तेवढ्याच उंचीवर, ओठ मिटून. खाकरा थबकला. त्याच्या गाण्याला मागून कुणी कधी साथ दिली नव्हती. त्यानं पुन्हा हेल काढला. केसरबाईंनी पुन्हा झेलला आणि परत देताना केसभर उतरवला. असं किती वेळ चाललं कोण जाणे. वरच्या पट्टीत त्यांचा आवाज फाटायचा, खाली आला की भरायचा. ऑपरेशननं नेलं ते वरचं होतं. खालचं सगळं शिल्लक होतं, उलट आधी होतं त्याहून जास्तच. खाकराचा हेल आखूड झाला, मग नुसती कुईं राहिली, मग उसासा. शेवटी तो त्यांच्या मांडीपासून हातभर अंतरावर आडवा झाला. जवळ आला नाही. केसरबाईंनीही हात लावला नाही. पुढच्या गायकाला कोरसवाले हात लावतात होय?

आठवड्यात असं झालं की दहा ते एक खालच्या मजल्यावर चिडीचूप. पण आशाताईंची झोप तीनपर्यंतची, आणि पूर्वी शाळेतून यायची चारला. एक वाजता केसरबाईंना दुसरीकडे भांड्यांना जावं लागे. दीड वाजता खाकरा परत सुरू. टेम्पोला सहा दिवस राहिले होते.

“रेकॉर्ड करूया,” हेमाली म्हणाली. “तुमचा आवाज. मी फोनवर करते.”

“माझा एकलीचा?”

“मग आणखी कोणाचा?”

केसरबाई सोफ्याच्या कडेवर बसल्या. हेमालीनं फोन समोर धरला. लाल ठिपका लागला. केसरबाईंनी श्वास घेतला आणि सोडला. पुन्हा घेतला. काही निघेना.

“काय झालं, मावशी?”

“पुढं कोन गानार?”

“पुढे कोणीच नाही. तुम्हीच.”

“मला सुरू करता न्हाई येत, ताई.” त्या ओशाळल्या. “जलमात केलेलं न्हाई. कुनीतरी सोडल्याबगर मी झेलू काय?”

खाकरा तर त्या दिवशी नेमका पोट वर करून गाढ झोपला होता. हेमालीनं त्याला हलवून बघितलं. त्यानं एक डोळा उघडला आणि मिटला. तेव्हा पूर्वी, जी इतके दिवस घरात कुणाशी धड बोलली नव्हती, ती सोफ्यावर चढली, मान वर केली आणि असा काही हेल काढला की जयकुमार बेडरूममधून दाढीच्या साबणासकट बाहेर आला.

“आ शुं छे?”

“पप्पा, गप्प बसा. रेकॉर्डिंग चालू आहे,” पूर्वी म्हणाली आणि परत रडायला लागली, खाकरापेक्षा जास्त सुरात. केसरबाईंना हसू फुटलं, ते ओठांत दाबून त्यांनी तो हेल झेलला, आणि मग त्यांना थांबायची गरजच पडली नाही. पूर्वी दमून गप्प झाली तरी त्या एकट्या उतरत राहिल्या, एकेक पायरी, चाळीस मिनिटं. हेमाली फोन धरून उभी होती. हात भरून आला तेव्हा तिनं दुसऱ्या हातात घेतला.

“पर हे फक्त जाताना लावायचं न्हाई,” केसरबाईंनी बजावलं. “जेवताना लावा. ती पोर आभ्यासाला बसली की लावा. तुमी भांडताना लावा. न्हाईतर ह्याचं पन कुलूप व्हईल.”

तीन दिवस घरात तेच वाजत राहिलं. जयकुमारला आधी वैताग आला, मग एकदा क्रिकेट बघता बघता तो सोफ्यावरच झोपला, त्यानंतर त्यानं तक्रार केली नाही. गुरुवारी मात्र सगळं कोसळलं. दुपारी खालून वरात गेली, फटाक्यांची हजाराची माळ लागली. घरात कोणी नव्हतं. खाकरा साडेतीनपर्यंत रडत होता आणि स्पीकरमधल्या केसरबाईंना त्याच्याइतकं वर जाता येईना. आशाताईंनी गुणवंतभाईंना फोन केला. हेमाली बँकेतून आली ती चप्पल न काढता किचनमध्ये ओट्याला टेकून उभी राहिली. “उद्या बघू,” एवढंच म्हणाली. शुक्रवारी तिनं खाकराचं ताट, चादर आणि पट्टा एका पिशवीत भरून ती दाराशी ठेवली. पूर्वीनं ती पिशवी उचलून स्वतःच्या कपाटात ठेवली. त्यावरून दोघींचं वाजलं. मग दोघी रडल्या. तेव्हाही मागं केसरबाईंचा आवाज चालूच होता, लावायचाच असं ठरलं होतं म्हणून.

शनिवारी एक वाजता केसरबाईंनी रेकॉर्डिंग लावलं, दार ओढून घेतलं, आणि भांड्यांना न जाता एक मजला उतरून आशाताईंची बेल वाजवली.

“झोपमोड केली, ताई. पर आज शेवटचा दिस हाय. वर येऊन फक्त दारात हुबं ऱ्हावा. आत न्हाई जायचं.”

“गुरुवारी ऐकलं मी. पुरेसं ऐकलं.”

“गुरुवारी फटाके व्हते. तुमी पन उठला असाल की दचकून.”

आशाताईंनी त्यांच्याकडे बघितलं. मग गाऊनवर ओढणी घेतली.

दोघी बंद दारासमोर उभ्या राहिल्या. आतून खालचा, घोगरा आवाज येत होता, कोणीतरी दूरच्या खोलीत जातं ओढत असावं तसा.

“आत कोण आहे?”

“मीच.”

“तुम्ही तर इथे आहात.”

“मशिनीत भरलंय.”

दहा मिनिटं गेली. लिफ्ट वर गेली, खाली आली. मग आतून नखांचा आवाज झाला. खाकरा उठला होता. त्यानं हेल काढला. लांब, चढता. केसरबाईंचा सूर आपोआप निघणार होता, तो त्यांनी आतच अडवला. त्या दाराबाहेर होत्या आणि आज त्यांना दाराबाहेरच राहायचं होतं. आशाताईंनी मनगटावरच्या घड्याळात बघितलं, नाडी मोजावी तसं. दुसरा हेल आला. तो पहिल्यापेक्षा आखूड होता. तिसरा अर्ध्यातच उतरला. मग पाणी पिण्याचा लपलप आवाज, आणि गादीवर धप्पकन पडल्याचा.

आशाताई आणखी पाच मिनिटं तशाच उभ्या राहिल्या. त्यांना स्वतःच्या कानांवर एवढ्या लवकर विश्वास टाकायचा नव्हता.

“किती वेळ चालतं हे?”

“चाळीस मिनिटं. मंग परत पहिल्यापासून, आपोआप. पूर्वीनं तसं केलंय.”

“फटाके तर दिवाळीत रोजच असणार.”

“दिवाळीला मी दिवसभर ऱ्हाते म्हनून सांगितलंय. माझंच कारटं हाय आता ते.”

आशाताईंनी कागद मागितला. केसरबाईंनी हेमालीकडून गुणवंतभाईंचं पत्रच मागून आणलं होतं, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर भिंतीला टेकवून आशाताईंनी लिहिलं. केसरबाईंनी हळू हळू अक्षरं लावत वाचलं. ‘सध्या त्रास नाही. दिवाळीनंतर पुन्हा कळवीन.’

“सध्या कामून घातलं?”

“कारण मला माहीत नाही पुढचं. तुम्हाला माहीत आहे?”

“न्हाई,” केसरबाई म्हणाल्या. “सध्या पुरं हाय.”

आशाताई उतरून गेल्या. खालचं दार लागलं, कडी सरकली. केसरबाईंनी कागदाची घडी पोलक्यात ठेवली. भांड्यांच्या घरी त्यांना अर्धा तास उशीर झाला होता, तरी जिन्यात थांबून त्यांनी हेमालीला फोन लावला. पलीकडे बँकेतली गर्दी, टोकन पुकारणारी बाई.

“मावशी? काय झालं? रडतोय का?”

“निजलाय,” केसरबाई अगदी हळू म्हणाल्या. “जयकुमारभाईंना सांगा, वापीला फोन करा म्हनावं. टेम्पो रिकामा जाऊ दे.”